घर जळाल्यावर: राख, पंचनामा, मदत आणि आभार

शिमगा सरला की पहिल्या पावसापर्यंत कोकणातल्या वाड्यांना आगीची धास्ती असते. भाजावळीची (पेरणीआधी शेत भाजण्याची) ठिणगी, रानातून उतरलेला वणवा, वाऱ्याने एकमेकींवर घासलेल्या विजेच्या तारा, गॅसची गळती, देवाजवळची समई. कारण काहीही असो, कौलारू घर पेटलं की सावरायला वेळ मिळत नाही. पडवीत पेंढा, माळ्यावर लाकूडफाटा नि गोवऱ्या, वर सुकून खडखडीत झालेले वासे आणि रिपा. खालून वारा शिरतो आणि कौलांच्या फटींतून वर निघतो, म्हणजे सगळं घरच एक मोठी चूल होतं. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडतात, ती नशीबवान.

हे टिपण आग विझल्यानंतरच्या कामांचं आहे. त्यातली बहुतेक कामं सोपी आहेत, पण क्रम चुकला की महागात पडतात.

पहिली रात्र

माणसं नावानिशी मोजा. पाहुणे, सुटीला आलेले चाकरमानी, गोठ्याकडे झोपणारा गडी, सगळे. लहान मूल घाबरून खाटेखाली किंवा मोरीत लपतं, हे बंबावरच्या जवानांना आधीच सांगा. आगीसाठी १०१ किंवा ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. बंब बहुधा नगरपरिषदेचा नाहीतर एमआयडीसीचा, म्हणजे लांबून येणारा. त्याचा चालक वाडीचा फाटा चुकतो, म्हणून एकाला बॅटरी देऊन फाट्यावर उभं करा. मोठा बंब पाखाडीत, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या अरुंद वाटेत, शिरत नाही. तोवर आंबा बागेतले फवारणी पंप आणि पाण्याचे टँकरच कामाला येतात.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. डॉक्टरला तेच आधी खरवडून काढावं लागतं.

आगीत सापडलेलं सिलिंडर विझल्यासारखं दिसलं तरी उचलू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली मोरीत, खड्ड्यात साचून राहतो. १९०६ वर कळवा आणि वितरकालाही फोन करा. वीज खांबावरूनच तोडून घ्या, त्यासाठी महावितरणचा १९१२. छपरावर सौर पॅनेल असतील तर मेन स्विच पाडूनही दिवसा त्यांच्या तारांत वीज असते, हे अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात नसतं.

आणि रात्री पहारा ठेवा. दोघं जागे, पाण्याची दोन पिंपं भरलेली. भाताची कणगी आणि पेंढ्याची उडवी वरून काळी ठिक्कर दिसते, पण आतून दोन-दोन दिवस धुमसते. उडवी उपसून पसरल्याशिवाय विझली असं धरूच नका. तसंच भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक. पहाटेचा वारा सुटला की तेच पुन्हा पेट घेतं.

पंचनाम्याआधी राख हलवू नका

सकाळी गाव गोळा होतं आणि मदतीच्या ओढीने फावडी घेऊन लागतं. इथेच पहिली चूक होते. साफसफाई झालेल्या जागेचा पंचनामा म्हणजे मोकळ्या जमिनीचा पंचनामा. तलाठी येईपर्यंत (हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात तलाठीच म्हणतात) चारी बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक खोलीचा वेगळा आणि एक सबंध घराचा. चालत चालत, बोलत एक व्हिडिओ घ्या: ही ओटी, हे माजघर, इथे फ्रीज होता, इथे शिलाई मशीन. जळालेल्या फ्रीजचा सांगाडा, मशीनचं लोखंडी चाक, पंख्याची मोटर भंगारात टाकू नका. यादीतल्या नोंदीला तोच पुरावा.

पोलीस ठाण्यात अकस्मात जळिताची नोंद करून तिची प्रत घ्या. पोलीस पाटील, सरपंच, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि दोन पंच यांच्यासमोर महसूलचा पंचनामा होतो. सही करण्याआधी तो संपूर्ण वाचा. घाईत लिहिलेल्या पंचनाम्यात तीन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली, ‘अंशतः’ आणि ‘पूर्णतः’. कोकणात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती उभ्या राहतात, छप्पर मात्र सगळं जातं. भिंती पाहून कुणी ‘अंशतः नुकसान’ लिहिलं की फरक किती पडतो बघा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये होते. अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्या घरासाठी ४,०००. आग या निधीच्या आपत्तींच्या यादीत आहे. म्हणून घर राहण्याजोगं उरलेलं नाही, असा पंचायत समितीच्या कनिष्ठ अभियंत्याचा अभिप्राय मागून घ्या आणि तो पंचनाम्याला जोडा. आकडे शासन निर्णयाने बदलतात, तेव्हा तहसील कार्यालयात चालू निर्णय विचारून घ्या.

दुसरी चूक, एका छपराखालच्या चुली. दोन भाऊ वेगळे राहत असतील, शिधापत्रिका वेगळ्या असतील, तर दोन्ही कुटुंबं वेगळी लिहायला सांगा. त्याच निकषांत घर पूर्ण गेलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये धरले होते. ते कुटुंबागणिक, घरागणिक नव्हेत.

तिसरी, गुरं. मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहून ठेवा. दुभत्या गायी-म्हशीला ३७,५००, शेळीला ४,००० हे तेव्हाचे दर. पुरून टाकलेल्या म्हशीचे पैसे मागताना फार दमछाक होते.

कोकणातली खास अडचण म्हणजे घर आजोबांच्या नावावर आणि हिस्सेदार मुंबईत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा, त्यावर ज्यांची नावं आहेत त्यांची संमतीपत्रं पहिल्याच आठवड्यात मागवा. आगीच्या बातमीने सगळे हळहळलेले असतात तोवर सह्या पटापट मिळतात, सहा महिन्यांनी त्याच सहीसाठी वाद निघतात.

कारणही नीट लिहून घ्या. शॉर्टसर्किट असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो. गॅस असेल तर तेल कंपन्यांचा सामूहिक विमा असतो आणि त्याचा हप्ता ग्राहकाला वेगळा भरावा लागत नाही. नोंदलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेला त्यात एका घटनेत कमाल २ लाखांपर्यंत भरपाई आहे. पण आग मुळात गॅसमुळे लागलेली असली पाहिजे, आणि नळी नि रेग्युलेटर प्रमाणित हवेत. वणव्याने पेटलेल्या घरात सिलिंडर नंतर फुटलं, तर हा विमा लागू होत नाही. घरावर कर्ज असेल तर बँकेच्या फाईलमध्ये आगीची पॉलिसी आहे का ते बघा. कर्ज देताना बँका ती काढतात आणि घरच्यांना तिचा पत्ताच नसतो. १ एप्रिल २०२१ पासून असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत घरातलं सामानही आपोआप धरलेलं असतं, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत.

कपाट, सोनं, नोटा

जळालेलं लोखंडी कपाट गरम असताना उघडू नका. आतले कागद आणि साड्या हवेविना करपलेल्या असतात, आग घेतलेल्या नसतात. दार उघडलं, हवा आत गेली की डोळ्यांदेखत भडकतात. हाताच्या पालथ्या बाजूने पत्रा सगळीकडून थंड लागेपर्यंत थांबा, निदान एक सबंध दिवस. पाणी मारून घाईने थंड करायला गेलात तर वाफेने कागदांचा लगदा होतो.

सोनं राखेत जात नाही, ते फक्त आकार सोडतं. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, २२ कॅरेटचं त्याच्या आधी, चांदी ९६२ ला. घराच्या आगीत हे तापमान सगळीकडे होत नाही. त्यामुळे एका डब्यातली बांगडी जशीच्या तशी आणि शेजारच्या पाटल्यांचा गोळा, असंही सापडतं. मंगळसूत्राचे काळे मणी काचेचे. ते मऊ होऊन वाट्यांना चिकटतात आणि कोळशाच्या ढेकळासारखे दिसतात. असं ढेकूळ फेकू नका.

पंचनामा झाला की जागा आखून घ्या: कपाट, लोखंडी पेटी, देव्हारा, जिथे ऐवज असायचा तिथलीच राख वेगळी काढा. तोंडाला फडकं किंवा मास्क, पायात जाड तळव्याचे बूट, कारण रिपांचे खिळे तळव्यात घुसतात आणि मग धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं. राखेवर हलकं पाणी शिंपडा, चिखल नको, धूळ बसण्यापुरतं. आधी गवंड्याच्या वाळूच्या चाळणीतून चाळा, वर उरलेलं हाताने निवडा. खाली पडलेलं पिठाच्या चाळणीतून काढा. शेवटी झारेकरी सोनाराच्या गल्लीतली माती धुतात तसं पाटीत घेऊन पाण्यात गोल फिरवत धुवा. राख वाहून जाते, जड कण तळाशी बसतात. हे काम घरच्या दोन बायकांनी आणि गावातल्या दोन विश्वासाच्या माणसांनी एकत्र बसून करावं. सापडलेलं तिथेच वजन करून फोटोसकट लिहावं, म्हणजे पुढे कुणावर बोट उठत नाही. गोळ्यात तांबं-पितळ मिसळलेलं असतं, तेव्हा टंच (सोन्याची शुद्धता) दोन ठिकाणी काढून मगच सौदा करा.

जळक्या नोटा सुट्या करायला जाऊ नका. गठ्ठा आहे तसा कापसावर ठेवून पत्र्याच्या डब्यात घ्या. फाटक्या नोटा बँकेची शाखा बदलून देते, पण कोळसा झालेल्या, ठिसूळ किंवा एकमेकींना चिकटलेल्या नोटा थेट रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात द्याव्या लागतात. महाराष्ट्रात ती मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत. ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी. सोबत पंचनाम्याची प्रत न्या.

भिंती ठेवायच्या की पाडायच्या

चिरा तापला आणि वर बंबाचं पाणी पडलं की तडकतो. हातोडीने वाजवून पाहा: खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज म्हणजे आतून फुटलेला. ओळंबा लावून भिंत कलली आहे का तेही बघा. सागाच्या जुन्या तुळया वरून कोळसा झाल्या तरी आत शाबूत असतात. लाकूड ताशी साधारण चार सेंटिमीटर जळत आत जातं, म्हणून तासणीने कोळसा काढून उरलेलं माप घ्या, जाड तुळई बारीक वाशाच्या कामाला येते. स्लॅबचा काँक्रीट गुलाबीसर झाला असेल तर तो तीनशे अंशांच्या वर तापलेला आहे. तिथे अभियंत्याशिवाय कुणी खालून फिरू नये. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, ते ओले करून अख्खे उचला, फोडू नका. पडवीत बागेची कीटकनाशकं जळाली असतील तर ती राख विहिरीच्या बाजूला धुऊ नका.

कागदपत्रं

ही वाटतात तेवढी अवघड नाहीत. आधारची प्रत संकेतस्थळावरून निघते, चौकशीला १९४७. आधी मोबाइलचं सिमकार्ड त्याच क्रमांकाचं काढा, त्याशिवाय ओटीपी येत नाही आणि पुढचं सगळं अडतं. मग बँकेचं पासबुक, कारण मदत खात्यावरच येते. शिधापत्रिका तहसीलच्या पुरवठा शाखेत, सातबारा ऑनलाइन, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे. प्रत्येक ठिकाणी पोलिसांच्या नोंदीची प्रत मागतात, तिच्या दहा झेरॉक्स एकदमच काढून ठेवा.

मदत घेण्याची वही

आग लागल्याच्या पहिल्या दिवशी दोनशे पानी वही आणा. ती घरच्यांनी नाही, शेजारच्या किंवा भावकीतल्या शांत डोक्याच्या माणसाने सांभाळावी. जळालेल्या घरातल्या माणसांना त्या आठवड्यात कोण आलं, कुणी काय दिलं, काहीही आठवत नाही. पुढे वर्षभर ते आठवत बसण्याचा त्रास मात्र होतो.

रकाने सात: तारीख, नाव आणि नातं, वाडी किंवा गाव, मोबाइल, काय आणि किती, कुणाच्या हाती दिलं, परत करायचं का. शेवटचा रकाना बहुतेक वह्यांत नसतो. कुणी पातेलं तात्पुरतं दिलं, कुणी कायमचं दिलं; ते तेव्हाच विचारून लिहिलं नाही तर नंतर विचारता येत नाही.

कपड्यांचा ढीग आपोआप येतो आणि त्यातले निम्मे घालण्याजोगे नसतात. जे येत नाही ते मागावं लागतं: नवीन अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, चष्मा, रोजच्या रक्तदाबाच्या-साखरेच्या गोळ्या, मुलांची वह्यापुस्तकं नि गणवेश, दोन जाड ताडपत्र्या, झाकणाचं पिंप, कुलूप, टॉर्च. पाच माणसांना पंधरा दिवसांना साधारण २० किलो तांदूळ, ५ किलो पीठ, ३ किलो डाळ, ३ लिटर तेल, २ किलो साखर, अर्धा किलो चहा, मीठ, मसाला पुरतो. याहून जास्त धान्य ठेवायला जागाच नसते, किडे पडतात. म्हणून व्हॉट्सॲपवर रोज एकाच माणसाने यादी टाकावी: हे मिळालं, हे हवं, हे आता नको. ‘आता कपडे नकोत’ लिहायला संकोच वाटतो. लिहावंच.

पैसे थेट बाधित माणसाच्या स्वतःच्या खात्यावर घ्या. क्यूआरचा फोटो पुढे पुढे जाताना मध्येच कुणी तो बदलतं, तेव्हा खालचं नाव वाचूनच पैसे पाठवा, असं संदेशात लिहा. आणि घरच्यांना बजावून ठेवा: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. ‘मदत पाठवतोय, पिन टाका’ म्हणणारे फोन अशाच वेळी येतात. नोंदणी नसलेलं मंडळ सार्वजनिक वर्गणी काढणार असेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी घ्या. प्राप्तिकर कायद्यात धरलेल्या जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्या पैशावर कर नाही, पण इतरांकडून वर्षाला ५० हजारांच्या वर आलं तर ती सगळी रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते, म्हणून वहीत नातं लिहिलेलं उपयोगी पडतं.

आभार कसे मानावेत

आपल्याकडे ‘आभार कसले मानता, परके का आम्ही?’ असं म्हणायची रीत आहे. म्हणणारा मनापासून म्हणतो, तरीही कुणाचं नाव राहून गेलं की ते लक्षात राहतं. तेव्हा छोटा संदेश, हिशेबाचं पत्र आणि प्रत्यक्ष भेट, असे तीन टप्पे करा. आगीत कुणाचा जीव गेला असेल तर तेरा दिवस होईपर्यंत जाहीर काहीच नको.

पहिला संदेश दोन दिवसांच्या आत, चार ओळींचा. तो आभारापेक्षा खुशाली कळवण्यासाठी असतो. नमुना असा:

‘आमचं घर परवाच्या आगीत जळालं. आम्ही पाचही जण सुखरूप आहोत, सध्या शाळेत राहतो. पाणी घेऊन धावलेल्या खालच्या वाडीचे, पंप आणणाऱ्या बागायतदारांचे आणि रात्रभर जागलेल्या पोरांचे उपकार मोठे आहेत. फोन उचलता आला नाही तर राग मानू नये.’

यात एकाही माणसाचं नाव नाही, हे मुद्दाम. दुसऱ्या दिवशी दहा नावं लिहिली की अकरावा दुखावतो. कामाने ओळखता येईल असं लिहा: पंप आणणारे, फाट्यावर उभे राहिलेले, गुरं सोडणारे. गोठ्याचं दावं कापणाऱ्याला ते वाचून कळतंच.

दुसरं पत्र पंधरा दिवसांनी, हिशेबासह. एकूण किती जमलं, कशावर किती खर्च झाला, किती शिल्लक आणि ती कशाला ठेवली. कुणी किती दिले ते आकडे जाहीर लावू नका. शंभर देणारीने रोजगार बुडवून शंभर दिलेले असतात, त्या फलकावर ती उगाच लाजते. नावं वाडीवार, अकारविल्हे, रकमेशिवाय. कुणाला पाहायचं असेल तर वही उघडी आहे, एवढं लिहा. हे पत्र गावच्या चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाला वेगळं पाठवा, ते सभेत वाचलं जातं. ‘भरभरून मदत केली’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘तुमच्या पैशांतून दीड हजार कौलं आली, उरलेली पाचशे बाकी आहेत’ असं लिहिलं तर मंडळाला पुढे काय करायचं तेही समजतं.

बंबावरच्या जवानांना, वायरमनला, तलाठ्याला पाकीट देऊ नका, त्यांची अडचण होते. तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक घालून त्यांच्या वरिष्ठांना पत्र लिहा आणि त्याची प्रत केंद्रावर द्या. तक्रारीची पत्रं तिथे रोज जातात, असं पत्र क्वचितच जातं.

तिसरा टप्पा घर उभं राहिल्यावरचा. मोठ्या जेवणावळीचा घाट घालू नका. मदतीच्या पैशातून पंगत उठली असं कुणीतरी म्हणतंच. नारळ फोडून गावदेवीला गाऱ्हाणं आणि आल्या-गेल्याला चहा-शिरा पुरे. त्याआधी एक दिवस वहीतला शेवटचा रकाना काढा आणि ‘परत’ लिहिलेली भांडी घासून, खाली रंगाने टाकलेली नावं तपासून, घरोघर स्वतः नेऊन द्या. मुलाच्या हाती धाडू नका. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, तेव्हा त्यात मूठभर तांदूळ किंवा गुळाचा खडा घाला. पातेल्याला त्या आठवड्यात पोचा पडला असेल तर तो आधीच दाखवा.